तिसऱ्या रॉडवरची टिंबे

लालबाग, ता. ९ फेब्रुवारी १९५८

ती. रामजीदाजी यांस कुशाबाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पाय मोडून गावी पडलात आणि इकडे तुमच्या ट्रकनेही अंथरूण धरले. भायखळ्याच्या बाजारात भाजीची पोती उतरवताना इंजिनात खटखट सुरू झाली. आमच्या गॅरेजातले म्हणतात, हे इंजिन भंगारात घाला, लष्करी लिलावातले दुसरे बसवा. मी म्हणतो, हेच खोलून ओव्हरहॉल करू. मागच्या वर्षी मीच बांधलेले इंजिन आहे. दोष लवूचा. तेल न बघता हाकतो. तुमचा पुतण्या खरा, पण त्याला गाडीवरून उतरवा. मी कुठल्या शाळेत शिकलो नाही, तरी सोळा वर्षांत माझ्या हातचे काम परत आलेले नाही.

रखमाताईस नमस्कार. लोभ आहेच, वाढवावा.
कुशाबा

मालवण, ता. १७ फेब्रुवारी

चि. कुशाबा यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या शब्दावर लवूला गावी बोलावून घेतले. तेलाची काठी रोज सकाळी पुसून बघत होतो, एवढेच तो म्हणाला. त्याची सोयरीक जुळत आली होती. मुलीकडच्यांनी नोकरी का गेली म्हणून विचारणा केली आहे. काय सांगू? तुझी ताई म्हणते, आमचा कुशाबा देवळातल्या घंटेचेही स्क्रू मोजील, मग इंजिन न उघडता निकाल कसा दिला? राखायचे की बदलायचे ते तू ठरव. मात्र उघडून बघ आणि मग लिही.

इथे सर्व खुशाल. माया आहे तशीच असू दे.
रामजी

लालबाग, ता. २६ फेब्रुवारी

ती. दाजी, शि. सा. न.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभेमुळे काल दुपारनंतर गॅरेज बंद होते. एकट्याने इंजिन उघडले. तेल कमी पडते तर सगळीच बेअरिंगे जळती. इथे फक्त तिसरे खाल्ले गेले आहे. बांधताना मी पंचने तिसऱ्या रॉडवर तीन टिंबे मारली होती, खालून बेअरिंग आवळून धरणाऱ्या त्याच्या कॅपवरही तीन. दोन्हीकडची टिंबे एका बाजूला यायला हवीत. कॅप उलटी निघाली, म्हणून तेवढेच बेअरिंग खाल्ले गेले. माझ्यानंतर त्या इंजिनाला कुणी हात लावलेला नाही.

सरळ करून ठेवली असती तर कुणाला कळले नसते. तशीच उलटी ठेवून आज सकाळी गॅरेजवाल्यांना दाखवली. हसले. हसू द्या.

माझे मत अजूनही ओव्हरहॉलच. ब्लॉक शाबूत आहे, क्रँक घासून घेता येईल. माझ्या हाताने नको असेल तर तसे कळवा, राग नाही. हाताने चालत असेल तर लवूला पाठवा. टिंबे तो बघेल, त्याने हो म्हटल्यावर मी नट आवळीन.

मुलीकडच्यांना हे पत्र वाचायला द्या. अक्षर मुद्दाम सुवाच्य काढले आहे.

लोभ याही पत्रानंतर राहावा.
कुशाबा