पालक घरी असण्याची वेळ

मंगळवार, ९ सप्टेंबर

सं. ५.३० ते ७ वाचनालयात. वार्षिक तपासणी जवळ आली म्हणून बालसभासदांचे अर्ज काढले. जूनपासूनचे अकरा. जन्मतारीख, शाळा, पत्ता, सर्व सुवाच्य. एकही रकाना रिकामा नाही. समाधान वाटले. मग ध्यानात आले की अकराही अर्जांवर शिफारस एकाच सभासदाची आहे. दिनेश. अक्षरही सगळीकडे त्याचेच.

नियम ७ : अठरा वर्षांखालील अर्जदारास एका प्रौढ सभासदाची शिफारस आवश्यक. नियम माझा. वाचनालयाचा चिटणीस झालो त्या वर्षी मीच मसुदा केला होता. मुलांचे आईबाप मार्केट यार्डात, वीटभट्टीवर, धुणीभांडी करणारे; त्यांपैकी सभासद कोण असणार? मे अखेरपर्यंत ती सही बालविभागाच्या वंदनाताई करीत. बालविभागाचे अनुदान बंद झाले, ताईंची जागा रद्द झाली, मुलांच्या दालनास कुलूप लागले. नियम तेवढा राहिला.

अकराही अर्जांखाली 'मंजूर' व माझी सही. केल्याचे स्मरत नाही. गठ्ठ्याने केल्या असाव्यात.

गुरुवार, ११ सप्टेंबर

दि.शी बोललो. तिशीचा, नम्र, स्पर्धा परीक्षांची पुस्तके नेतो. मुले त्याला सर म्हणतात. दालन बंद झाल्यापासून शाळा सुटली की मुले वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसतात (घरी कोणी नसते). तेथे तो त्यांचा अभ्यास घेतो, हे मला ठाऊक होते. बरे वाटत असे.

"काका, पोरं दारातून परत जात होती. तुमचाच नियम ना? कुणीतरी सही करायलाच हवी होती."

तर्कात चूक काढता आली नाही. मी त्याचे आभार मानले.

सोमवार, १५ सप्टेंबर

दि. एक मसुदा घेऊन आला. रविवारी नगरला एका महाविद्यालयात निबंधस्पर्धा. वाचनालयाची प्रतिनिधी म्हणून कु. पायल, इ. नववी, हिला त्याच्यासमवेत पाठवीत असल्याचे पत्र आमच्या छापील कागदावर हवे. "तिच्या आईला दाखवायला. शिक्का बघितला की बाई निर्धास्त होईल."

मूळ निमंत्रण मागितले. नव्हते. जावक क्रमांक देता येणार नाही म्हणालो.

"काका, तुम्ही कागदातच राहणार." हसला.

पायल शेजारी उभी होती. कानात गाणी ऐकायच्या नव्या बिनवायरच्या गोळ्या. मी विचारले, विषय कोणता आहे? तिने आधी त्याच्याकडे पाहिले. परत येणार किती वाजता? पुन्हा त्याच्याकडे. पहिल्यापासूनची धीट मुलगी ही. वंदनाताई होत्या तेव्हा माझ्या टेबलापाशी येऊन, "काका, तुमच्या कपाटात भुताची पुस्तकं का नाहीत?" असे विचारणारी.

घरी सांगितले. पत्नी सु. म्हणाली, "तुम्ही देवदूत दारी आला तरी त्याचं ओळखपत्र मागाल. पोरीचं नगर हुकवलंत."

खरे सांगायचे तर नकार दिला तेव्हा मनात संशय नव्हता. केवळ निमंत्रण नव्हते.

मंगळवार, १६ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत महाविद्यालयास फोन केला. रविवारी तेथे कोणतीही स्पर्धा नाही. दुसऱ्यांदा विचारले. नाही.

सं. वाचनालयात जाऊन अर्ज पुन्हा काढले.

रकाना ९ : 'पालक घरी असण्याची वेळ.' हा रकाना मी वाढवला होता. पुस्तक वेळेत परत आले नाही की शिपायाने घरी जावे आणि घराला कुलूप असू नये, एवढाच हेतू. अकराही अर्जांत तो नीट भरलेला आहे. 'आई रात्री ८ नंतर.' 'आई पहाटे ५ पर्यंत, नंतर सं. ७.' 'वडील नाहीत. आजीला ऐकू येत नाही.' हे शेवटचे कोणी विचारले नव्हते.

अकरांपैकी नऊ मुली.

पाणी प्यालो. कोणत्या घरात कोणत्या वेळी मूल एकटे असते याची यादी मी छापून दिली, त्याने भरली, मी मंजूर केली.

एक विचार आला तोही लिहून ठेवतो. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. अर्ज अकराच आहेत. फाडले तर माझी सही कोठेही उरत नाही.

फाडले नाहीत. मात्र हातात धरून बराच वेळ बसलो होतो.

बुधवार, १७ सप्टेंबर

अर्धी रजा. बेलापूरला वंदनाताईंकडे. आता त्या एका कापडाच्या दुकानात असतात. साडीच्या घड्या घालता घालता बोलल्या.

"सही करायच्या आधी मी प्रत्येक घरी जाऊन यायचे. आई कोण, बाप कुठं, घरात कोण येतं-जातं. पोरगं दोन दिवस दिसलं नाही की तिसऱ्या दिवशी दारात हजर. तुमच्या ठरावात माझं काम काय लिहिलं होतं, चिटणीससाहेब?"

पुस्तकांची देवघेव. (ठराव मी लिहिला. देवघेव ग्रंथपाल सांभाळू शकतात, सबब जागा आवश्यक नाही.)

"आणि त्या दिनेशचं मी तुम्हाला फेब्रुवारीत सांगितलं होतं. मुलांच्या दालनात येऊन बसतो, मुलींना चॉकलेटं आणतो, मी उठवलं त्याला दोनदा. तुम्ही काय म्हणालात?"

आठवले. "लेखी द्या," असे म्हणालो होतो.

"लेखी काय देणार? चॉकलेट दिलं, असं?"

त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरे झाले असते. "पायलच्या आईला तुम्ही गाठा. पण जपून हां. लताबाई घाबरली की भलतंच काही करते," म्हणाल्या.

गुरुवार, १८ सप्टेंबर

मार्केट यार्ड, कांद्याचे शेड. लताबाई (पायलची आई) निवडायला बसल्या होत्या. नवरा ट्रकवर, महिन्यातून एखादा दिवस घरी. मी आडवळणाने सुरुवात केली. त्यांचे हात थांबले नाहीत.

"सर लई चांगले हायेत. तुमी खोली बंद केली, त्यांनी पोरं सांभाळली. पोरीला मोबाईलबी दिला अभ्यासाला."

मोबाईलही. मला ठाऊक नव्हते.

नगरला स्पर्धा नाही, हे सांगितले. हात थांबले.

"न्हाई म्हंजे?"

"नाहीच. मी चौकशी केली."

पलीकडच्या बायका ऐकू लागल्या. लताबाईंनी पदर तोंडाशी धरला. "हळू बोला वो सायेब. पोरीचं नाव चारचौघांत घिऊ नका. आमाला हितंच ऱ्हायचंय." मग अगदी खालच्या आवाजात, "आजच मामाकडं धाडती तिला. शाळा बास झाली. मामा पोरगं बघंल."

मी म्हणालो, तिचा काहीही अपराध नाही, शाळा बंद करू नका, रविवारपर्यंत फक्त लक्ष ठेवा.

"लक्ष कुनी ठिवायचं? मी हितं बसले तर चूल पेटती."

याचे उत्तर वाचनालयात होते; ते मे महिन्यात ठराव करून रद्द केले.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

दि. एस. टी. स्टँडसमोर भेटला. म्हणजे वाट पाहत होता.

"काका, यार्डात गेला होतात म्हणे. कांदा स्वस्त झालाय का?"

मी चालत राहिलो. तो बरोबरीने चालत राहिला. आवाज अत्यंत मऊ.

"पोरांना बाहेर काढलं तुम्ही. मी जवळ केलं. आता लोक विचारतील, अकरा फॉर्मांवर मंजुरी कुणाची? तुमचं नाव फार स्वच्छ आहे हो गावात. आणि काकू संध्याकाळी घरी एकट्याच असतात ना? साडेपाच ते सात?"

असे म्हणून माझ्या सदऱ्याच्या खांद्यावरचा कापसाचा तंतू त्याने काढून टाकला. (जिनिंग कारखान्यातल्या नोकरीवरून आलो होतो.) जणू मुलगाच.

सु.ला सर्व सांगितले. तिने उठून दाराला आतून कडी घातली. मग म्हणाली, "आपल्याला भीती वाटते, आणि आपलं दार आतून लागतं. त्या पोरींचं काय?"

सोमवारी कार्यकारिणीपुढे ठेवून रीतसर... नाही. रविवार आधी येतो.

शनिवार, २० सप्टेंबर

वंदनाताई आल्या. चार वाजता पायऱ्यांवर पायलशेजारी बसल्या. (लताबाईंनी तिला मामाकडे धाडले नव्हते.) मी एक पायरी खाली. दि. आला नव्हता.

ताईंनी तिचे केस सारखे केले. पायलने मान झटकली.

"आता कशाला आलात? गेलात ना सोडून?"

"मला काढलं गं."

"यांनी काढलं." माझ्याकडे बोट. "आम्हाला पण. सर म्हणालेच होते, ते काका येतील आणि माझ्याबद्दल वाईट सांगतील. तसंच झालं."

मी क्षमा मागितली. चौदा वर्षांच्या मुलीची क्षमा मागण्याचा पूर्वीचा प्रसंग आठवत नाही; शब्द नीट जुळले नाहीत. ती गोंधळली. थोडी मऊ झाली असे वाटले.

"सर ओरडत नाहीत कधी. मी काय बोलते ते ऐकून घेतात. फक्त ते सांगतात की फोटोचं कुणाला..."

थांबली. ताईंनी विचारले नाही. मीही नाही. आम्ही वाट पाहिली.

तेवढ्यात तिच्या मोबाईलवर संदेश आला. तिने पाहिला, चेहरा पांढरा पडला, दप्तर उचलले. "आईनं लवकर बोलावलंय." तिची आई यार्डात होती.

मी मागे धावलो. वळणापर्यंत. वय छप्पन्न. दिसेनाशी झाली.

लताबाईंना लगोलग गाठले. उद्या कामावर जाणार नाही, पोरीला नजरेआड करणार नाही, असे त्यांनी कबूल केले.

रविवार, २१ सप्टेंबर

सकाळी ६.३० पासून स्टँडवर. नगरच्या गाड्या सुटताना पाहिल्या. पायल नाही, दि. नाही. चर्चमध्ये उपासनेस गेलो नाही.

८.१० लताबाईंचा फोन. शेजारणीच्या मोबाईलवरून. "सायेब, पानी भराया गेल्ते, तेवढ्यात पोरगी न्हाई. वंदनाताईकडं बेलापूरला जाती असं धाकट्याला सांगून गेली." ताईंना फोन. आली नव्हती.

वाचनालय उघडून अर्ज घेतले. मूळ प्रती. लताबाई, ताई आणि मी पोलिसात. लताबाई दारातच अडल्या. "नाव जाईल वो." ताईंनी दंड धरला. "पोरगी जाईल लता. नावाचं नंतर बघू."

एका महिला हवालदाराने सर्व ऐकले, लिहून घेतले. घाई केली नाही, हसली नाही. अर्ज एकेक पाहिले. नवव्या रकान्यापाशी थांबली.

"हे कुणी छापलं?"

"मी."

"खाली मंजुरी?"

"माझीच."

वर पाहिले. पुढचे पान लिहू लागली. चार तास तेथील बाकावर. लताबाई पाण्याचा घोटही घेईनात.

दु. २.४० पायल स्वतः घरी आली. एकटी. धाकट्याचा निरोप आला. आम्ही पोहोचलो तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसली होती. मोबाईल नव्हता. कानातल्या गोळ्या नव्हत्या. हवालदारबाई साध्या कपड्यांत आल्या, खाली बसल्या. तिने एक शब्द उच्चारला नाही. आई रडत जवळ गेली तेव्हा मात्र किंचाळली, "हात नको लावू."

कोठे गेली होती, ठाऊक नाही. काय झाले, ठाऊक नाही. दि. घरी नाही, फोन बंद.

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. कामावर गेलो नाही.

सकाळी वंदनाताई पायलजवळ. काही विचारत नाहीत, नुसत्या बसतात. तिने अर्धी भाकरी खाल्ली, एवढेच कळले. समुपदेशक उद्या येतील. तिची शाळा बंद करणार नाही, असे लताबाईंनी हवालदारबाईंना सांगितले. सांगताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

दुपारी मुलांचे दालन उघडले. ठराव नाही, परवानगी नाही. कार्यकारिणीस पत्राने कळवले की चिटणीसपदाचा राजीनामा मागितल्यास देईन, दालनाची किल्ली देणार नाही. सु. खुर्ची घेऊन तेथे बसली आहे.

उरलेल्या दहा अर्जांची घरे हवालदारबाई व मी आजच करणार. ताईंनी बजावले आहे, की घरी जाऊन प्रश्न विचारायचे नाहीत. आधी मूल कसे आहे ते पाहायचे. मला पाहता येते की नाही, ठाऊक नाही. आजवर फक्त तपासले आहे.

पहिले घर : दोन बहिणी, म्हणजे दोन अर्ज. घरात होत्या. 'सर कुठं गेले?' असे धाकटीने विचारले.

दुसरे : मुलगा. आई म्हणाली, पंधरा दिवस झाले, तो पायऱ्यांवर जायला नको म्हणतो. का, ते सांगत नाही. हवालदारबाईंनी नोंद केली.

तिसरे : मुलगी, इ. सातवी. आजीला ऐकू येत नाही ते घर. सं. ५.५० झाले आहेत. आजी ओट्यावर बसली आहे, हाताने 'नाही' अशी खूण करते. समोरची बाई म्हणाली, "आत्ताच गेली की. कुनीतरी गाडीवर न्यायला आल्तं." कोण होते, हे तिने पाहिले नव्हते. तोंडाला रुमाल होता.

हवालदारबाई रस्त्यावर उभ्या राहून फोन करीत आहेत. मला येथून हलू नका म्हणाल्या, मुलगी परत आली तर कोणीतरी ओळखीचे हवे. मी ओट्यावर आजीजवळ बसून हे लिहितो आहे. मुलीचे नाव सानिका. अर्जावरच्या फोटोखेरीज तिला मी कधी पाहिलेले नाही. गल्लीच्या तोंडाशी एखादी मुलगी वळली की मी उभा राहतो.