ओल्या फडक्याची चूक

तीर्थरूप दादा,

तुझ्या आणि वहिनीच्या पायांवर दुरूनच डोकं ठेवतो. वहिनीची कंबर आता कशी आहे? मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिने चढू देतो.

आमच्या दीडशे वर्षांच्या नाट्यगृहात पुढच्या आठवड्यात मोठे कार्यक्रम आहेत. शुक्रवारी जॅझ, शनिवारी क्युबाचं संगीत. रंगमंच झाडायला मी चपला काढून चढतो म्हणून सगळे हसतात. हसोत बापडे.

क्युबाचा म्हातारा वादक आपले उभे ढोल घेऊन आधीच आलाय. ते हातांनीच वाजवतात. परवा धूळ दिसली म्हणून मी त्यांचं कातडं ओल्या फडक्याने पुसलं. कणीक लावण्याआधी तू मृदंगाचं डावं तोंड पुसायचास, तसंच. तालमीत ढोलांचा आवाज पार बसला. व्यवस्थापक ओरडला, "कुणाचा हा शहाणपणा?" मी पुढे झालो. वाटलं, गेली नोकरी.

वादकाने ढोल सुकायला दिव्याच्या उबेत ठेवले आणि मला विचारलं, "असं पुसायला कुणी शिकवलं?"

"थोरल्या भावाने. मृदंग वाजवतो तो."

"अजून वाजवतो?"

मी हो म्हणालो. तो हसला आणि व्यवस्थापकाला म्हणाला, "राहू दे याला."

दादा, उजवा हात लुळा पडल्यापासून तू मृदंग माळ्यावर टाकलास, हे वहिनीने मला कधीच कळवलंय. देवासमोर उभं राहताना मला ते खोटं बोचतं. पत्र मिळेल त्या दिवशी मृदंग खाली काढायला लाव. कणीक वहिनी लावेल. तू डाव्या हाताने एकच थाप मार, म्हणजे मी खोटा ठरणार नाही.

तुझाच,
धाकटा