गळका नळ

गुरुवार, संध्याकाळ. जत.

टाकीचा गळका नळ आज बंद झाला. त्याच्या तोंडाशी उलटा लटकून थेंब पिणाऱ्या बुलबुलाचे फोटो मी आठवडाभर काढत होतो. शेजारच्या शांताकाकू म्हणाल्या, "आवं, तुमी रोज गळक्या नळाचा फोटो काढताय, मला वाटलं तक्रार करनार. आमच्या मालकांकडनं वायसर बदलून घेतला. लय पानी वाया जात हुतं."

टँकरवर जगणाऱ्या गावात त्यांचं चुकलं तरी काय? बरं केलंत, म्हणालो. बुलबुलाचं बोललोच नाही.

मघाशी तो आला. नळाच्या कोरड्या तोंडात चोच घातली, पुन्हा घातली. मी कॅमेरा उचलला. आठवड्यातला सगळ्यात चांगला फोटो हाच. वाटीभर पाणी ठेवायचं मात्र तो फोटो पाहून झाल्यावर सुचलं.