सरांच्या हातचा विषाणू

३ मार्च, सोमवार

आज सर स्वतः प्रयोगाला बसले! निमित्त – संस्थेचा फोटोग्राफर आलेला. कोट कडक इस्त्रीचा, हातमोजे माझे.

प्रयोगही तसा माझाच. कोंबड्यांना लुळं पाडणारा विषाणू, माणसांना नागीण होते त्या विषाणूच्या कुळातला. त्याच्या आवरणातलं एक प्रथिन आम्ही काढून टाकलंय. आता तो या पेशीतून शेजारच्या पेशीत पसरतो का, एवढंच बघायचं. माझ्या मते त्या प्रथिनाशिवाय त्याचं पानही हलणार नाही. सर म्हणतात, "काही अडत नाही त्याचं." परिषदेत तसं आधीच सांगून आलेत.

१० मार्च, सोमवार

विषाणू दणकून वाढलाय. पेशी मरून त्यांच्या थरात भोकंच भोकं. "बघ, तुला वर्षभर जमलं नाही ते!" सर लॅबभर मिरवतायत.

आईचा फोन. "पेपरवर तुझं नाव पहिलं कधी येणार गं?" शोधनिबंधात माझं नाव कायम मधे कुठेतरी, लग्नाच्या फोटोत मागे उभ्या राहिलेल्या आत्यासारखं. एकदा तरी पहिलं यावं. फार वाटतं.

११ मार्च

सरांनी त्या भोकांचा फोटो दारावर लावलाय. रंगीत.

१२ मार्च, बुधवार

इनक्युबेटर आवरताना बघते तर ज्यांच्यावर प्रयोग करायचा त्या साध्या पेशींची बाटली न उघडलेली! रिकामी झालीय ती मदतनीस पेशींची. त्या पेशी ते प्रथिन स्वतःच बनवतात – पंगू विषाणू जगवायला आम्हीच तशी सोय केलीय. सरांनी नेमक्या त्याच उचलल्या. म्हणजे विषाणू वाढला तो उसन्या प्रथिनावर. अगदी सरांसारखा, दुसऱ्याच्या जिवावर.

सांगितलं त्यांना. "पेशी त्या पेशीच. उगाच फाटे फोडू नकोस."

२४ मार्च, सोमवार

साध्या पेशींवर प्रयोग पुन्हा केला. विषाणू टाकला तिथेच बसून! एखादी पेशी आजारी, तिची शेजारीण ठणठणीत. सरांना हाताला धरूनच मायक्रोस्कोपपाशी नेलं. बराच वेळ बघत बसले. मग हळूच, "हं. पेपरचं मी बघतो."

पटलं वाटतं. चेहरा एवढासा झाला होता. मला उगीच वाईट वाटलं.

२८ मार्च, शुक्रवार

पेपर पाठवला सरांनी. निकाल जुनाच, मदतनीस पेशींवरचा, तेच भोकांचे फोटो. पहिलं नाव माझं. सरांचं कुठेच नाही.

आईचा फोन येऊन गेला. उचलला नाही.