चांदीच्या चाऱ्यामागचा धूर

बाबा, तुम्हाले नमस्कार अन् आपल्या चांदी गायीच्या पाठीवर एक थाप.

मी नागपुरात मजेत हाय. जनावरांचा चारा गोठ्यापर्यंत आणण्यापायी गाड्यांचा किती धूर होते, ते आम्ही ऑफिसात मोजून राहिलो. सरावासाठी मी चांदीचाच चारा मोजला. घरचं कुटार, घरचं तणस पाहून साहेब खूश झाले. पण सरकीच्या ढेपेपाशी आकडा फुगला. रोज एका किलोसाठी तुम्ही कुहीच्या बाजारात फटफटी नेता! महिन्याचं पोतं एकदम काहून आणत नाही? डॉक्टरनं बंद केलेले भजे तिथंच भेटतात, म्हणून न?

शुगर तपासली का?

आईले मी काहीच सांगतलं नाही. तुमचा चष्मा सापडला, का हे पत्रही तीच वाचून दाखवून राहिली?

तुमची लाडकी,
अपेक्षा