भिमीच्या पायाचं माप

७ जानेवारी, रविवार
पोलिओच्या फुकट शिबिराचं काम अंगावर घेतलंय. म्हणून ही वही. टीम छोटी: आशाताई संजीवनी, जीपवाला लडकू आणि मी. प्रमुख कोण हे ठरलेलं नाही, पण मला माहीत आहे. मुंबईची संस्था पायाला आधार देणारे कॅलिपर बनवून देणार. मुरबाड-शहापूर मिळून अकरा माणसं, सगळी चाळिशी-पन्नाशीची.
खरी काळजी वाडीवरच्या भिमीची. एक हात गुडघ्यावर दाबून चालते. जूनपासून आश्रमशाळेत भाकऱ्या करायचं काम मिळतंय, पण दोन्ही हात मोकळे हवेत. चाळिशीची झाली, तरी मला लेकीसारखी.

१० जानेवारी
संस्थेचा माणूस मापं घ्यायला एकवीस तारखेला येणार म्हणे. तोवर काय माश्या मारायच्या? टोकावड्यात चाळीस वर्षं टेलरिंग केलंय मी. संजीवनी म्हणाली, आबा, थांबा जरा, हे सदऱ्याचं काम नाय. लहान आहे. सोडून दिलं.

१२ जानेवारी, रात्री जेवणाआधी
अकराही मापं घेऊन मोकळा. आजारी पाय सुकलेला, आखूड. त्याला टेप लावायचा म्हणजे माणसाला खजील करणं. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा एक खांदा पडका असला तर चांगल्या खांद्यावर बेततात आणि दुसरीकडे आत पॅड भरतात. तेच केलं. सगळ्यांच्या धडधाकट पायाची मापं घेतली.
भिमी म्हणत होती, आबा, पन माजा पाय ह्यो नाय, त्यो. म्हटलं, तू गप उभी रहा गो. राहिली.
फॉर्मवर 'माप घेणारा'पुढे माझं नाव, 'अनुभव'पुढे चाळीस वर्षं. यात खोटं काय? फॉर्म मुंबईला पाठवून दिले, संस्थेच्या माणसाची एकवीसची खेप वाचली.

११ फेब्रुवारी, रविवार
कॅलिपर आले. एकही बसेना. संस्थेच्या वर्कशॉपने गळा कापला. कडक पत्र लिहिणार.
लडकू म्हणाला, आबा, एक मला द्या, जीपखाली जॅक म्हनून लावतो. लोक हसले. दहा जणांनी परत केले. भिमीने तेवढा ठेवून घेतला. जगात एक तरी माणूस आपलं आहे.

२५ फेब्रुवारी
पत्र उद्या नक्की.
वाडीवर रोज चक्कर मारतो. भिमी कॅलिपर घालून दारात उभीच असते. आत चिंध्या भरल्यात. म्हणजे पॅडिंग! नियम खरा ठरला. दुखतं का विचारलं. बरा हाय आबा, म्हणाली. चालून दाखव म्हटलं. ओढ्यापर्यंत जाऊन आली. घामाघूम झाली, पण उन्हं आत्तापासूनच फार आहेत.

१७ मार्च
लडकू फोन उचलत नाही. संजीवनी रस्त्यात भेटली, मीटिंगला चाललेय म्हणाली. कसली? लसीकरणाची. रविवारी?
संकल्प: आपल्या माणसांवर संशय घ्यायचा नाही. पत्र राहिलंच.

३१ मार्च, संध्याकाळ
चहावाल्याने विचारलं, आबा, तुमी शिबिराला गेले नाय? कुठलं शिबिर? शहापूरला, आज. गावाला माहीत आणि मला नाही. स्कूटर काढली.
हॉलमध्ये ओळखीचे दहाच्या दहा. संस्थेचा माणूस जमिनीवर कागद पसरून प्रत्येकाच्या आजारी पायाभोवती पेन्सिल फिरवत होता. भिमी एकटी कडेच्या बाकावर.
संजीवनीला सगळ्यांदेखत विचारलं, मला का फसवलं? ती म्हणाली, भिमीनंच सांगितलं होतं, आबांना कळवू नका.
भिमीने. दुसऱ्या कोणी नाही.
भिमी खाली बघत म्हणाली, आबा, तुमी म्होरं आलं का मना नाय म्हनता येत नाय. तुमची स्कूटर वाजली का त्यो लोखंड चढवायची. तुमी गेल्यावर काढायची.
नडगीवर जखम होती, रुपयाएवढी, ओली. ती भरेपर्यंत माप घेता येणार नाही, असं शिबिरातले डॉक्टर म्हणाले. बाकी दहांचे कॅलिपर मेअखेर येतील. पुढचं शिबिर पावसाळ्यानंतर, भिमीचा तेव्हा. आश्रमशाळा काही तोवर थांबत नाही.
मी तिथल्या तिथे जाहीर केलं: ड्रेसिंगला रोज मी नेणार, माझ्या स्कूटरवरून. सगळे भिमीकडे बघू लागले.
तिने एकदा संजीवनीकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, नाय आबा. लडकूच्या जीपनं जाईन.
मी म्हटलं, बरं.