ब्राह्मीच्या नावानं

४ नोव्हेंबर
आले एकदाची सांगलीत! आई-आबा मेंढरं घेऊन लोणंदकडं गेलेत आणि त्यांची ही राणी पंख्याखाली बसून पगार घेणार. आईनं बरणीभर लसणाची चटणी दिलीय. सांगलीत लसूण मिळत नाही असा तिचा समज असावा. ऑफिस छोटंसं, पहिल्या मजल्यावर. नोकरीवाल्यांच्या साइटवर बसून कारखान्यांना माणसं शोधून द्यायची. मालक भरतेशदादा साधे वाटले.

६ नोव्हेंबर
कामाची गंमत अशी, की मेसेज माझ्या नावानं जात नाहीत. ब्राह्मी नावाच्या मुलीच्या खात्यावरून जातात. तिनं साइटवर नऊ हजार ओळखी जोडल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी ती तापानं गेली, पण भरतेशदादांनी खातं चालूच ठेवलं. माणूस गेलं म्हणून ओळखी कशाला घालवायच्या, असं त्यांचं म्हणणं. व्यवहारी माणूस! तिच्या फोटोकडं बघून मी मनातल्या मनात माफी मागितली. ताकीद एकच मिळालीय. आष्ट्याहून विजयमालाकाकूंचा रोज मेसेज येतो, त्याला उत्तर द्यायचं नाही. त्या ब्राह्मीच्या आई.

११ नोव्हेंबर
एका साखर कारखान्याला केमिस्ट मिळवून दिला. दादांनी भडंगाची पार्टी दिली. त्या केमिस्टनं आभार मात्र ब्राह्मीचे मानले. काकूंचा मेसेज रोज ऊन कलल्यावर येतो. 'दिवस मावळायलाय बाळ, जेवलीस का?' त्या जैन, लसूण न खाणारी, अंधार पडायच्या आत जेवणारी माणसं. माझ्या आईला रानात रेंज नसते, तिला हे विचारायलाही जमत नाही.

१४ नोव्हेंबर
आज राहवलं नाही. 'जेवले आई' एवढंच लिहिलं. उत्तर आलं, 'किती दिसांनी बोललीस गं.' मी बाथरूममध्ये जाऊन रडले. चुकलं असेल तर चुकू दे.

२० नोव्हेंबर
चटणीचा वास सोसत नाही, बरणी शेजारणीला देऊन टाकली. दिवस मावळल्यावर घास उतरत नाही. दादांनी आज मला ब्राह्मी म्हणून हाक मारली. त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं, पण 'ओ' दिल्यावर.

२५ नोव्हेंबर
माझं स्वतःचं खातं उघडेना. अशी व्यक्तीच नाही म्हणे. लहानपणी मेंढ्यानं ढुशी मारली होती, तो कपाळावरचा व्रण आता ब्राह्मीच्या फोटोत आहे. आरशात माझं कपाळ कोरं. फार भीती वाटते.
आईला फोन लागला. तिनं विचारलं, 'कोन बोलतंय?' राणी म्हटलं, तर म्हणाली, 'थट्टा करू नगा बाई. माझ्या लेकीचा आवाज मला कळतूय.'

२८ नोव्हेंबर
उत्तर द्यायचं नाही असं रोज ठरवते — बोटं आपोआप लिहितात. काकू किती खूश आहेत. त्यांचा राग येत नाही, हेच —

१ डिसेंबर
आई आलीय. दारात. पायांना रानातली माती. दादांना विचारते, 'आवं, माझी राणी हितंच कामाला हाय न्हवं?' दादा म्हणाले, राणी नावाचं इथं कधीच कुणी नव्हतं.
मग माझ्याकडं वळली. 'तू तरी बघितलीस का गं बाई?'
तोंड उघडेना. मान मात्र हलली. नाही म्हणून.
आई जिना उतरतेय. हळूहळू, कठड्याला धरून. एक हाक मारली तर थांबेल — आई म्हणून एकच —
मेसेज आलाय. दिवस मावळतोय. आधी तेवढं उत्तर